सरांचे चार सेकंद

सरकारी वाहिनीवर सातच्या बातम्यांची धून सुरू झाली, की गाव ज्यांना 'स्टॉपवॉच सर' म्हणायचं त्यांचा अंगठा वर उठायचा. पडद्यावर मंत्री आले, की टक्. मंत्री गेले, की टक्. मग वहीत नोंद. एका रकान्यात सरकार, दुसऱ्यात विरोधक, तिसऱ्यात हवामान. "आज विरोधकाईपेक्षा ढगाले जास्त वेळ भेटला," हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे, की हसायचीही चोरी!

अमडापूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत सर पीटी शिकवायचे. निवृत्त होताना शाळेने शाल दिली, ती त्यांनी कपाटात टाकली आणि स्टॉपवॉच मात्र हट्टाने मागून घेतलं. मी त्यांची विद्यार्थिनी आणि पुढे शेजारीण, म्हणजे आधी मैदानावर आणि मग भिंतीपलीकडून त्यांचा आवाज जन्मभर ऐकलेली. कबड्डीच्या सामन्यात शेवटच्या चढाईला त्यांनी स्वतःच्या पोराला बाद दिलं होतं. घरी काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

"सर, बाकीची चॅनलं काय धुतल्या तांदळासारखी आहेत? त्यांना का नाही मोजत?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"ते दुकानं हाय बाई. दुकानदार आपलाच माल दाखवन. हे घरचं हाय, सगळ्याईचं. घरच्यालेच रागवा लागते."

विरोधी पक्षाची मंडळी तेव्हा त्यांना डोक्यावर घेऊन नाचायची. पुढे निवडणूक झाली, सरकार पालटलं आणि हीच मंडळी सत्तेत आली. सरांनी रकान्यांतली पक्षांची नावं तेवढी बदलली. आकडे होते तसेच येत राहिले. मग काय, डोक्यावर घेणारे रस्त्यात मान वळवून जायला लागले.

"काऊन सर, पार्टी बदलली का?" कुणी विचारलं की सर तडकायचे. "पंचाले कोणती पार्टी असते बे?"

गावात त्यांचं पंच म्हणून नाव होतं. बाकी त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं काही नव्हतं.

मग एकदा त्याच वाहिनीचा कॅमेरा गावात आला, पाण्याच्या नव्या टाकीची बातमी करायला. त्यांना कुणीतरी वडीलधारं, नीट बोलणारं माणूस हवं होतं. लोकांनी सरांना पुढे केलं. मी बाजूलाच उभी होते. सर म्हणाले, "टाकी लय सुंदर बांधली, यात शंका नाही. पण बांधल्यापासून पाण्याचा थेंब नाही. नळ सोडला का हवा येते." पुढची पाच मिनिटं ते त्या हवेवरच बोलत होते.

त्या संध्याकाळी सरांच्या बैठकीत अर्धी गल्ली जमली. सरांचा चेहरा पडद्यावर आला. टक्. "टाकी लय सुंदर बांधली, यात शंका नाही." टक्. पुढची बातमी क्रिकेटची.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी मान वळवणारी तीच मंडळी शाल-श्रीफळ घेऊन दारात हजर! शाल सरांनी परत केली. नारळ काकूंनी चटणीला ठेवून घेतला. गावभर मात्र झालं, की सर फुटले. असा संताप आला मला!

"सर, त्यांनी कापलं तुमचं बोलणं. ही नोंद करूच नका," मी म्हटलं.

"बोललो ना मी? माह्याच तोंडून गेलं. चार सेकंद सरकारले."

त्यांनी वही ओढून सरकारच्या रकान्यात नोंद केली. मला ते बघवलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर सर गेले. काकूंनी वही आणि स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवलं. सरकारच्या रकान्यात ती नोंद तशीच आहे: 'चार सेकंद. मी.' खोडून टाकावी म्हणून मी एकदा पेनही उघडलं होतं. पण ज्या माणसाने आधी पोराला आणि मग स्वतःला बाद दिलं, त्याचा निकाल फिरवणारी मी कोण?

आता सात वाजता मीच अंगठा वर धरून बसते. परवा भिंतीपलीकडून काकूंनी हाक मारली, "बाई, नळाले आलं का वं काही?"

"हवा, काकू."

"अन् बातम्याईत?"

"टाकी."