हाफटाइमचं पाणी

मुलांनो, भाऊ गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा माझं बोलणं नीट होत नव्हतं. त्याला महिना झाला, आता शांतपणे लिहिते. नीरज, तू तिकडे कॉलेजच्या फुटबॉल संघाचा असिस्टंट कोच झालास. तुमचा तिकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा, आमचा पायाने खेळायचा... पण माझ्या थोरल्या भावाने हेच काम आयुष्यभर केलं, ते तुला कळायला हवं.

मुंबईच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी भाऊ संघाच्या कोचचा मदतनीस झाला होता. वडील गेले आणि तो रत्नागिरीला परतला. एकोणीसशे तीसच्या थोडं आधीची गोष्ट. इथे तेव्हा कॉलेज नव्हतं. तो हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागला आणि संध्याकाळी ड्रिलमास्तरांच्या हाताखाली फुटबॉल. शिट्टी मास्तरांची, चेंडूत हवा भरणं, कातळावर अनवाणी खेळून ठेचाळलेल्या अंगठ्यांना हळद लावणं आणि हाफटाइमला पाणी देणं भाऊकडे. मास्तर निवृत्त झाले की जागा भाऊलाच, असं हेडमास्तरांनी आमच्या आईला सांगून ठेवलं होतं.

गोलकीपर होता सखाराम. ज्या वाडीला गावची विहीर बंद होती, त्या वाडीतला; लांब हातांचा आणि बोलायला पक्का. तो संघात आला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांच्या घागरीतलं पाणी प्यायला, तेव्हा मात्र पालक हेडमास्तरांकडे गेले.

"भाऊराव, दोन घागरी ठेवा. विषय मिटेल," हेडमास्तर म्हणाले.

भाऊने घागरच बंद केली आणि आमच्या आगरातली शहाळी न्यायला लागला. ज्याचं त्याच्या हातात, कुणाचा कुणाला स्पर्श नको, तक्रार नको. घरी आम्हा सगळ्यांना त्याच्या युक्तीचं कौतुक होतं. मी शाळेतून येताना मैदानाच्या गडग्याशी, त्या दगडी कुंपणाशी, थांबायची. तिथेच एकदा सखाराम शहाळं तोंडाला लावता लावता म्हणाला, "भाऊमास्तर, पानी ग्वाड हाय. पन दोन घागरी नको म्हनलात, नि अकरा केल्यात."

मुलं हसली. भाऊ हसला नाही.

पुढची मॅच चिपळूणच्या संघाशी होती. हाफटाइमला भाऊने एक घागर आणि एक पितळी पेला आणला, आणि पहिला पेला सखारामच्या हातात दिला.

"तो तर नुसता उभा होता, त्याला कसली तहान?" मागून एकजण बोलला.

"ओरडून ओरडून घसा कुणाचा सुकलाय?" भाऊ म्हणाला.

मग तोच पेला पुढे गेला. सखाराम धरून आठजण प्यायले. तिघे चेंडूकडे न बघता घरी निघून गेले. उरलेल्या आठांवर किती गोल झाले ते विचारू नका. मॅच संपल्यावर सखाराम म्हणाला, "मी पानी वाईच जास्तच प्यालो वाटतं."

ड्रिलमास्तरांची जागा दुसऱ्याला मिळाली. आईने भाऊला एवढंच विचारलं, "पस्तावलास काय रे?"

"जागा गेली त्याचं वाईट वाटतं गो. पाण्याचं नाही."

मॅच सोडून गेलेल्यांतले दोघे पुढच्या मोसमात परत आले आणि गुपचूप रांगेत उभे राहिले. तिसरा आला नाही... भाऊला त्याची आठवण शेवटपर्यंत होती, फार छान खेळायचा म्हणे. एकामागून एक ड्रिलमास्तर आले, गेले. भाऊ असिस्टंटच राहिला, आणि पेल्याचा क्रम त्याने कधी बदलला नाही.

परवा मी शाळेत जाऊन आले. कोचांच्या नावांचा फलक आहे, त्यात भाऊ नाही. असिस्टंटचं नाव लिहायची तिथे पद्धत नव्हती. अर्ध्या मैदानावर नवी इमारत उभी आहे. उरलेल्या अर्ध्यात मुलं खेळत होती. भाऊचं नावही त्यांना ठाऊक नाही. हाफटाइमला पाणी आलं, की आधी गोलकीपर पितो.