ओढ्याला वळसा

आमच्या साखऱ्याच्या मामांइतका आडमुठा माणूस साऱ्या निजामी मुलखात नसेल. असलाच तर त्याने मामांकडे शिकवणी घेतली असेल. चपला काखेत मारून ते अनवाणी चालत. "पाय फुकट मिळाले, चपला न्हाई." लग्नाला निघालेल्या छकड्यात सारं घर चढलं, तरी मामा मागून पायीच. "बैलाला कुणी आवतण दिलंय?"

अशा माणसाने एका उन्हाळ्यात नर्मदा परिक्रमा करायचं ठरवलं. पायी, भिक्षा मागत, नदी उजव्या हाताला ठेवून. आणि ती कुठेही ओलांडायची नाही, ओलांडली की परिक्रमा खंडित. मी तेव्हा असल्या खुळांविरुद्ध पत्रकं लिहून गावोगाव वाटत होतो, आणि हे माझ्याच घरात! तणतणत जाऊन मी मामांना माझं पत्रक ऐकवलं: कष्टकऱ्यांनो, तुमची पावलं शेतात पडू द्या, तीर्थात नव्हे! मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बराबर लिहिलं, भाचेबुवा. पण वाटंत पानी कुठं लागते, ते काहून न्हाई लिहिलं?" आणि त्याच पत्रकात त्यांनी गूळ बांधला.

मामी माझ्याहून हुशार. ती म्हणाली, "जा की. पण आधी आपला ओढा पाळून दावा. दिवाळीपस्तोर ओलांडला न्हाई, तर म्याच भाकरी बांधून देते."

घर अलीकडे, शेत पलीकडे. पण मामा रोज माळावर चढून, ओढा जिथून निघतो तिथून वळसा घालून शेतात जाऊ लागले. मामी चार उड्यांत पलीकडे जाई. तिचं निंदण निम्मं झालं की मामा उगवत. "आले का यात्रेकरू?" पलीकडचे पिंजारी चाचा तंबाखूची पुडी ओढ्यावरून भिरकावत, "महाराज, झेलो!" पावसाळा सरला, पण मामांच्या पायाला ओढ्याचं पाणी लागलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. मामा अजून घराकडच्या काठावर होते आणि पलीकडे मामी कापूस वेचत होती. बैलाने तिला धडक दिली, ती किंचाळली, आणि मामा सरळ पाण्यात! मामीचं कोपर तेवढं खरचटलं होतं. मामांचं ओलं धोतर पाहून मात्र ती रडायलाच लागली. "आवो, मोडलं ना तुमचं!"

"मोडू दे. तुझं हाड तर न्हाई ना मोडलं?"

खरं तर मी जिंकलो होतो. पण त्यानंतर मामा चारचौघांसारखे ओढा ओलांडू लागले, नर्मदेचं नावही काढीनात, आणि ते मला बघवेना. मामीला तर त्याहून नाही. पुढची दिवाळी सरली तशी तिने आपणहून भाकरी बांधली. "जा. माझ्यापायी मोडलं, आता म्याच धाडून राहिले."

ओढा आटला होता, वाट समोरच होती. तरी मामा वळसा घालूनच निघाले, म्हणून आम्हांला ते बराच वेळ दिसत राहिले. चपला काखेत होत्या.

"वरडून बघू का रे?" मामी हळूच म्हणाली.

"नको मामी," मी म्हणालो. "खरंच येतील."