न रडणारा नवरा

दुखवटा काढायला मेहुणा कऱ्हाटीहून आमच्या वरकुट्याला आला. बायको जाऊन महिनाही झाला नव्हता. टॉवेल-टोपी दिली, गोड जेवण झालं, मग म्हणाला, "दाजी, चला बारामतीला, शिनेमा बघू. घरात बसून माणूस कुजतं." रीतच आहे म्हणून गेलो.

दुपारचा खेळ खुनाचा निघाला. सुरुवातीलाच बायको मेली. मेहुण्यानं माझ्याकडं चोरून बघितलं. आधी ठाऊक असतं तर त्यानं तिकीट काढलं नसतं. मी म्हणालो, "बसा गप."

पडद्यावरचा नवरा रडत नव्हता. पोलिसांना चहा विचारत होता. असल्या सिनेमाला माणूस खुनी शोधायलाच बसलेलं असतं. नवऱ्यानं साधं कपाट उघडलं अन् सिनेमातली वाजंत्री बारीक झाली, तर सगळे पुढं सरकले. मागनं कोण तरी बोललं, "ह्यानंच मारली. डोळ्याला पाणी हाय का बघ." मेहुणा म्हणाला, "व्हय, ह्योच."

मला ते लागलं. मीही रडलो नव्हतो. सरणापाशी लाकडं नीट रचा म्हणून ओरडत होतो. बाया कुजबुजल्या ते ऐकलं होतं. त्यांचं सोडा, पण हा तिचा सख्खा भाऊ. ह्याच्याही मनात तेच असेल का, हे त्या दिवसापासून मला खात होतं.

मध्यंतरात बोलून टाकलं. "पाव्हणं, मी बी रडलो न्हाय."

त्याच्या हातातला वडा तसाच राहिला. "तुमचं निराळं हाय."

"कसं?"

"तुमाला मी लगीन झाल्यापास्नं बघतोय. त्याला आत्ता तासभर बघितला."

पुढं गडी त्या नवऱ्याच्या बाजूनंच बसला. वाजंत्री आली की म्हणे, "वाजू द्या. उगं फसवत्यात आपल्याला." शेवटी खुनी नवराच निघाला.

मेहुणा काटेवाडीपर्यंत मोटारसायकलवर शिव्या देत होता. चहाला थांबलो तरी चालूच. "बनवणाऱ्याला अक्कल न्हाय, दाजी. मयताच्या घरी माणूस कसं ऱ्हातं, त्याला काय ठावं?"

मी म्हणालो, "तुमची बहीण असती तर पहिल्यालाच सांगितलं असतं, ह्योच म्हणून. टीव्हीवर असलं काय लागलं की मी वळखलेला मारेकरी रोज चुकायचा, तिनं वळखलेला कदी न्हाय."

त्याला हसू आलं, अन् मग रडूच फुटलं, भर हॉटेलात. लोक बघायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझे डोळे कोरडेच होते. त्यानं ते बघितलं, नाक पुसलं, आणि माझा चहा बशीत ओतून पुढं सरकवला.