कॉम्प्युटरला वाहिलेल्या अक्षता

आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, तेव्हा त्याची बडदास्त जावयासारखी होती. नागपूरच्या उन्हात आम्ही कूलरपुढे घाम पुसत बसायचो, आणि या पठ्ठ्याला स्वतंत्र एसी खोली! आत चपला काढून जायचं. टायपिंग सेक्शनमधून उचलून मला तिथं बसवलं होतं, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मोठे साहेब काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर खुर्ची माझी, नाहीतर परत टायपिंग सेक्शन. तिथं सगळे मला हसायला टपूनच बसले होते.

सुट्टीआधी, नवमीला, ऑफिसातल्या यंत्रांची पूजा व्हायची. जीप, टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, सगळ्यांची. चहापाणी बघणाऱ्या मावशी थाळी घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"पोरी, याले बी कुंकू लावतो वं."

त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला बोट टेकवलं, हळदीच्या चार अक्षता वर वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि गेल्या. मग मलाही राहवेना. आईनं देवीपुढच्या कुंकवाच्या अक्षता पुडीत बांधून दिल्या होत्या, चांगल्या ओलसर. मी मूठभर घेऊन अख्ख्या मशीनवर उधळल्या. म्हटलं, देवी, तेवढा सोमवार निभावून ने!

सोमवारी बटण दाबलं. एरवी तो एकदा 'पीं' करायचा आणि सुरू व्हायचा. आज दोनदा 'पीं पीं', पडद्यावर ३०१ हा आकडा, आणि पुढे ढिम्म! बंद केला, चालू केला. वायरी दाबल्या. देवाचं नाव घेतलं. पुन्हा ३०१. मशीनसोबत आलेलं जाडजूड पुस्तक उघडलं, तर त्यात ३०१ म्हणजे कीबोर्ड. कुठलं तरी बटण दबून राहिलंय.

तेवढ्यात टेबलावर हळदीची एक अक्षता दिसली आणि माझं टाळकंच सटकलं. तशीच अनवाणी हॉलमध्ये गेले.

"मावशी, काहून टाकल्या अक्षता मशीनवर? माझी नोकरी घालवता का?"

"म्या तं वरतून चारच वाह्यल्या वं..."

"राहू द्या! काही कळत नाही तर हात कशाला लावता?"

हॉलमध्ये बसलेल्या हेडक्लार्कनी फायलीतून मान वर केली. मावशींनी हातातली कपबशी टेबलावर ठेवली.

मी परत आले, कीबोर्ड उलटा करून थोपटला. काही पडेना. मग केसातली पिन काढून एकेका फटीत घातली. एन्टरच्या बटणाशी दाणा रुतून बसला होता. उचलला, तळहातावर घेतला. लालभडक. कुंकवाचा. माझा!

बटण दाबलं. एकच 'पीं', आणि गडी सुरू. मी वळले तर दारात मोठे साहेब, मागे हेडक्लार्क.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

माझ्याआधी हेडक्लार्कच बोलले, "मावशीनं अक्षता टाकल्या होत्या साहेब, बाईंनी शोधून काढलं."

साहेब खूश झाले. "वा! इंजिनिअर बोलवावा लागला नाही." मग बाहेर बघून म्हणाले, "मावशी, यापुढे या खोलीत यायचं नाही."

दाणा माझ्या मुठीत होता. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण खुर्ची समोर होती, आणि मी मूठ घट्ट मिटली. त्याच आठवड्यात माझी ऑर्डर निघाली, पेढे वाटले, टायपिंग सेक्शनमध्ये तर जास्तच वाटले.

दुसऱ्या दिवसापासून माझा चहा उंबऱ्याबाहेरच्या स्टुलावर यायला लागला. "मॅडम, चहा," एवढं म्हणून मावशी निघून जायच्या. त्या रिटायर होईपर्यंत मी रोज उठून तो कप आत आणत राहिले, आणि सांगायचं ते काही सांगितलं नाही.