डिशमधला चांगला कोपरा

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे एआय आलं त्या आठवड्यात माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. नागपुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी मूलपेशी वाढवते. एखाद्याचा एक डोळा जळला, तर त्याच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा डॉक्टर काढतात. मी तो डिशमध्ये चौदा दिवस वाढवून त्याचा पातळ पडदा करते, आणि तो पडदा जळलेल्या डोळ्यावर बसवतात. पडदा चांगला झाला की नाही, हे इतकी वर्षं मी सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायचे. आता रोज सकाळी फोटो काढायचा, कॉम्प्युटरला द्यायचा, आणि त्याने हिरवं, पिवळं की लाल वर्तुळ ते दाखवायचं. "मला शिकवायला आता हा येणार!" असं मी भर मीटिंगमध्ये म्हणाले होते.

पण माझ्या फोटोंना रोज हिरवंच यायचं. मग माझा राग निवळला. खरं सांगायचं तर मी शेफारले, बाकीची डिश स्वतः बघणंही सोडलं.

त्या उन्हाळ्यात उमरेडच्या एक मावशी आल्या. घरात पूर्वी हातमाग होता, आता त्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. नवरा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला बसला, चुन्याची ट्यूब जोरात दाबली गेली नि चुना थेट यांच्या उजव्या डोळ्यात. त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळायचा. डाव्या डोळ्यातून तुकडा घेतला होता. पुन्हा घ्यायची वेळ आली तर त्या धडधाकट डोळ्यालाही धोका, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावलं होतं. रोज मावशींचा फोन यायचा. "मॅडम, माहा डोया वाढून राहिला ना?"

"वाढतोय, मावशी. आजही हिरवं आलंय."

तेराव्या दिवशी दुपारी डिशमधलं पोषणद्रव बदलताना ती माझ्या हातून जरा फिरली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली भलतीच कड आली. तिथल्या पेशी लांबट, ओढल्यासारख्या होत्या. हव्या असतात त्या लहान, फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. लांबट पेशींचा पडदा बसवला तर डोळा पुन्हा वण धरतो.

चूक कॉम्प्युटरची नव्हती. कॉलेजपासून आम्हाला सवयच तशी, अहवालात फोटो लावायचा तर डिश सरकवत सरकवत छान जागा शोधायची आणि मगच बटण दाबायचं. तेरा दिवस मी तेच केलं होतं. पाहुण्यांना फक्त बैठकीची खोली दाखवावी तसा त्याला एकच कोपरा दाखवला होता, आणि तो बिचारा हिरवं म्हणत राहिला.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती. मावशी वॉर्डात भरतीही झाल्या होत्या. आणि मी काय केलं? डिश सरकवली, तोच कोपरा शोधला, फोटो काढला. हिरवं आलं. डॉक्टरांना पाठवायचं बटण बोटाखाली होतं. पाठवलं असतं तर जन्मात कोणी विचारलं नसतं. काही पडदे टिकत नाहीत, असंच सगळे म्हणाले असते. मला स्वतःची किळस आली. तरीही बोट लगेच उचललं नाही, हेही लिहून ठेवते.

मग सगळी डिश या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटोंत घेतली. एवढं तपासायला कॉम्प्युटरला दहा-बारा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मला खुर्चीवर बसवेना. मधे हिरवं, भोवती पिवळं, आणि जवळजवळ अर्धी डिश लाल.

डॉक्टरांनी आधी ते पाहिलं, मग माझ्याकडे.

"रोज एकच जागा?"

"हो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्याचं रद्द. मावशींना तुम्ही सांगा," एवढंच म्हणाले.

मावशी पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, नवरा खाली सतरंजीवर. मी काही न लपवता सांगितलं. पडदा खराब निघाला, ते मला आधीच कळायला हवं होतं, मी रोज चांगलीच जागा दाखवत होते, आणि आता डाव्या डोळ्यातून पुन्हा तुकडा घ्यावा लागेल.

नवरा हात जोडून उठला. "माह्या डोयातला घ्या ना, मॅडम."

दुसऱ्याचा तुकडा शरीर सहसा टिकू देत नाही, हे मी त्यांना सांगितलं. मावशींनी डाव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी सांगतलं नसतं तं मले समजलं असतं का?"

"नाही."

त्यांनी पदराने डोळा पुसला. "घ्या मंग पुन्हा. मी तयार आहो. पण या खेपेले फोटो तुमी नोका काढू."

मी हो म्हणाले.