गिरणी थांबवून ऐकलेला ट्रंककॉल

सत्तरच्या दशकात मी पाणी उपसायच्या इंजिनांचा फिरता विक्रेता होतो. कर्जत-खालापूर माझ्या वाट्याला आलेलं. बायको बाळंतपणासाठी मिरजेला माहेरी, आणि मी इथे गावोगावची धूळ तुडवतोय. पहिलं बाळ हाती लागलं नव्हतं, म्हणून जीव टांगणीला.

कर्जतबाहेरच्या एका भाताच्या गिरणीत टेलिफोन होता. मालक माझं जुनं गिऱ्हाईक. सकाळी तिथून मिरजेचा ट्रंककॉल लावला आणि वाट बघत बसलो. घंटा वाजली की मी उडायचो, आणि दर वेळी कुणीतरी तांदळाचा व्यापारीच निघायचा. वैतागून मी मालकालाच दोन शब्द सुनावले. तो नुसता हसला.

दुपारी एकदाची मिरज लागली. पण गिरणीच्या धडधडीत ऐकू काय येणार? मालकाने मी न सांगताच गिरणी बंद केली. भाताची पोती घेऊन खोळंबलेली माणसंही गप्प झाली. तरी सासऱ्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "काय झालं? सांगा ना!"

तेवढ्यात कर्जतच्या ऑपरेटरबाई मध्ये बोलल्या. "थांबा, मला त्यांचं ऐकू येतंय. मी सांगते." मग जरा वेळाने, "मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत."

"मुलगी!" मी फोनमध्येच किंचाळलो.

पोत्यावर बसलेली एक म्हातारी माझ्यावर डाफरली, "हळू बोल रं! पोर निजली आसंल, जागी व्हईल ना!"

सगळे खो खो हसले. मला मात्र रडूच फुटलं. मालकाने पाठीवर हात ठेवून विचारलं, "आता लावू का गिरणी?"

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या गाडीच्या आधी पेढे घेऊन कर्जतचं टेलिफोन एक्सचेंज गाठलं. आत जायला मनाई होती. शिपायाने पुडा नेला, पण नेमका कोणत्या बाईंना द्यायचा हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मी पायऱ्या उतरत असताना वरच्या खिडकीतून हाक आली. चेहरा दिसला नाही, पण आवाज ओळखला. आजही मुलीचा फोन आला की आधी तोच आवाज आठवतो.

"मिरजवाले ना? अहो, अजून इथेच? लेकीला बघायला जा की!"