चोचीवरून ओघळणारा थेंब

दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात तीनशे रुपयांना घेतलेला मातीचा निळसर जग पुण्यातल्या एका जाणकारांनी उलटा केला, बुडाला भिंग लावलं आणि उसासा टाकला. "सही नाही हो! कुणी केलाय ते कळलं, तर माझं एक गिऱ्हाईक तीस हजार देईल. नाहीतर फुलदाणी समजा." जग विकणारा दुकानदार तेव्हा भद्रावतीचं नाव घेत होता. मी जग टॉवेलात गुंडाळला आणि निघालो.

नागपूरहून सकाळची चंद्रपूर एसटी पकडा. वरोऱ्याला तर्रीपोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, खा; 'तर्री कमी' हे वाक्य तिथे कुणाला ऐकू येत नाही. भद्रावतीला स्टँडवरून ऑटोने मी कुंभारकामाच्या एका कार्यशाळेत पोचलो. तिथे भांड्यांना ग्लेज, म्हणजे काचेसारखी झिलई, देणाऱ्या शोभाबाईंनी बूड पाहिलंच नाही. सरळ जगाच्या आत हात घातला.

"चाकावरचा हाय. घाला हात, लाजता काऊन?"

मी हात घातला. आतून वळत वळत वर चढलेल्या बारीक रेषा होत्या. कुणाची तरी बोटं तिथून गेली होती आणि माझी बोटं त्याच वाटेने चालली होती. साच्यातलं भांडं आतून गुळगुळीत असतं, बाई म्हणाल्या. मग जगाच्या कानाखाली, मूठ चिकटवली तिथे, दाबलेल्या अंगठ्याचा ठसा दाखवला. "असा तिरपा अंगठा एकाच माणसाचा. भाऊ आता आरमोरीकडे राह्यते."

त्यांना आपण सुखदेवभाऊ म्हणू. नाव बदललंय, का, ते कळेलच.

चंद्रपूरला साध्या लॉजवर आठशेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मूल, गडचिरोली करत आरमोरी गाठली. मार्च होता. साग उघडे पडलेले, मोहाखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका, आणि खिडकीतून येणारा तो गोड, जड वास. दर दहा मिनिटांनी काहीतरी खोचक बोलल्याशिवाय मला प्रवास पचत नाही. त्या जंगलात दोन तास मी नुसता खिडकीला नाक लावून बसलो.

सुखदेवभाऊंनी अंगणात टॉवेल उघडला आणि त्यांचा चेहराच उतरला. "हा फुटला नाई का?"

आतून त्यांच्या बायको विमलबाई हसत आल्या. "मीच देऊन टाकला होता. भट्टीतून काढला की एवढंसं चुकलं तरी फोडून राह्यले होते. एवढा सुंदर, मले नाई फोडवला!"

"पण चुकलं काय?" मी विचारलं.

भाऊंनी आपला एक जग पाण्याने भरला. ओतला. मनगट किंचित उचललं आणि धार कापल्यासारखी तुटली. चोचीखाली बोट फिरवलं, तर कोरडं. मी तीनदा ओतायला लावलं. तिन्ही वेळा तेच. चिकणमातीच्या एका वळणाने पाण्याला शिस्त लावली होती. मग माझा जग. शेवटचा थेंब चोचीखालून सरपटत पोटावर उतरला.

दोन वर्षांत मी त्यात पाणी भरलंच नव्हतं. भिंगवाल्यांनीही नाही. तेव्हा मंडळी, जग घ्यायला जाताना पाण्याची बाटली न्या.

"द्या, फोडतो. हा चांगला घेऊन जा बदल्यात."

मी जग पोटाशी धरला. वर निर्लज्जपणे म्हणालो, "भाऊ, बुडाशी तुमचं नाव तरी लिहून द्या."

"आता तरी सोडा ना हट्ट," विमलबाई म्हणाल्या.

"तू चूप राह्य." मग माझ्याकडे पाहून, हळू आवाजात, "नसंल फोडायचा तर ठेवा. पण माझा हाय म्हणून कोणाले सांगू नका. चाळीस वर्षं झाली चाकावर. लोकं हाच पाह्यतीन."

तीस हजार डोळ्यांसमोरून एसटीसारखे निघून गेले. "नाही सांगणार," मी म्हणालो. त्यांनी जग स्वतः पुसून टॉवेलात बांधून दिला. चांगला जगही मी घेतलाच. किंमत साडेचारशे; मी दिलेल्या पाचशेतले वरचे पन्नास त्यांनी परत केले.

परवा जेवताना जाणकारांचा फोन आला. "लागला का पत्ता? गिऱ्हाईक थांबलंय."

मी निळ्या जगातून पाणी ओतत होतो. "नाही हो," म्हणालो, "काहीच कळलं नाही." शेवटचा थेंब चोचीखालून ओघळला आणि माझ्या बाहीत शिरला.